चौलला आधी कोण उतरलं, आणि नाव कुणाचं राहिलं?

खाडीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

दिवाळीच्या सुट्टीत पुतण्याला घेऊन रेवदंड्याला गेलो होतो. तो सातवीत आहे. तट फिरून झाला, सातखणीच्या मनोऱ्याखाली फोटो काढून झाले, आणि निघताना त्याला शाळेच्या आवारातला काळा स्तंभ दाखवायला नेलं. आफानासी निकितिनचं स्मारक. आमच्याकडे बऱ्याच जणांना ते 'रशियन माणसाचं' एवढंच माहीत आहे. पोराने विचारलं, "काका, हा कधी आला?" म्हटलं, १४७० च्या आसपास. तो जरा थांबला आणि म्हणाला, "म्हणजे वास्को द गामाच्या आधी. मग पुस्तकात वास्कोच का?"

मी वेळ मारून नेली. "वास्को समुद्रातून आला ना," असं काहीतरी बोललो. पण निकितिनसुद्धा चौलला, म्हणजे रेवदंड्याला लागूनच असलेल्या जुन्या बंदरात, समुद्रातूनच उतरला होता, इराणच्या आखातातल्या होर्मुझहून जहाजात घोडा घालून. माझं उत्तर मलाच पटलं नाही. तेव्हापासून हाती लागेल ते वाचतो आहे, आणि आता इथे मांडतो.

निकितिन हा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. वाटेत लुटला गेला, तरी परत न फिरता पुढे जात राहिला. चौलला उतरल्यावर त्याने काय टिपलं? लोक डोकं झाकत नाहीत, अंगावर कपडा फार नाही, केसांची एक वेणी असते, आणि मी गोरा म्हणून जिथे जातो तिथे माझ्या मागे माणसं लागतात. पहिल्या दिवशीचं हे किती खरं वाटतं! तिथून तो पालीमार्गे जुन्नरला गेला. जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला. म्हणाला, मुसलमान हो, घोडाही देतो आणि वर हजार मोहरा देतो. चार दिवसांची मुदत. निकितिनचा सगळा पैसा त्या एका घोड्यात अडकलेला, शंभर रूबल. शेवटी महंमद नावाच्या एका खुरासानी माणसाने रदबदली केली आणि घोडा सुटला. पुढे बिदरला जाऊन त्याने तो विकला.

म्हणजे बहमनी काळातला आपला मुलूख बाजारात उभं राहून पाहिलेला हा माणूस. दाभोळहून तो परत निघाला आणि घरी पोचण्याआधी स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला. त्याची वही व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेली, १४७५ मध्ये ती तिथल्या दफ्तरात पोचली, इतिवृत्तात उतरवली गेली आणि तिथेच पडून राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला करमझिन या इतिहासकाराला ती एका मठाच्या ग्रंथालयात सापडली, तोवर साडेतीनशे वर्षं लोटली होती.

आता दुसरी गोष्ट, जी मला याच शोधात कळली आणि मी खुर्चीत ताठ बसलो. वास्को द गामासुद्धा आमच्या चौलला उतरला आहे! सप्टेंबर १५२४ मध्ये, तिसऱ्या खेपेला, व्हाइसरॉय म्हणून. हिंदुस्थानच्या जमिनीवर व्हाइसरॉयपदाचा कारभार त्याने चौललाच हाती घेतला. एकच बंदर, मध्ये पन्नासेक वर्षं. एक आला तो उधारीच्या काळजीत, घोड्याची दोरी हातात धरून. दुसरा आला तो आरमार घेऊन, राजाचा हुकूम खिशात घालून.

माझं मत असं झालं आहे की आधी कोण पोचलं याचा नावलौकिकाशी फार थोडा संबंध असतो. मागे कोण उभं होतं, परत कोण आलं, आणि आणलेल्या बातमीची कुणाला गरज होती, यावर ते ठरतं. निकितिनच्या बातमीची मॉस्कोत कुणाला गरजच नव्हती. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की आपल्या देशाच्या कामाचा माल इथे नाही, मिरी आणि रंग स्वस्त आहेत पण वाटेत जकात फार आणि चाचे फार. असं वाचून कोणता राजा जहाज बांधायला घेईल?

तुम्हाला काय वाटतं? जाणकारांनी चुका दाखवाव्यात.

---

शिवनेरी_पायथा

सुंदर धागा. मी जुन्नरचा. निकितिनने आमच्या गावाचं जे वर्णन केलंय ते इथे द्यायलाच हवं. तो म्हणतो, शहर खडकाच्या बेटावर आहे, ते माणसाने बांधलेलं नाही, देवाने घडवलंय. वर चढायला दिवस लागतो आणि वाट इतकी अरुंद की एका वेळी एकच माणूस जातो, दोघांना जागा नाही. शिवनेरी पाहिलेला कुणीही हे ओळखेल. शिवरायांच्या जन्माआधी दीडशेहून जास्त वर्षं.

आणि पाऊस! चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल. पावसाळा त्याने आमच्याकडेच काढला. घोड्याला हरभरे घालतात, तूप-साखर घालून खिचडी शिजवून घालतात, असंही लिहिलंय. 'खिचडी' हा शब्द त्याने रशियन लिपीत जवळपास तसाच उतरवला आहे. रोजच्या जेवणातला शब्द साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या परक्या माणसाच्या वहीत दिसला तेव्हा मला भरून आलं.

बाकी कारण म्हणाल तर मला साधं वाटतं: तो घरी पोचला नाही. पोचला असता तर चार लोकांना सांगितलं असतं.

---

दर्यावर्दी६२

धागा आवडला, पण वास्कोची बाजू कुणीतरी घ्यायला हवी. मी बत्तीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, म्हणून हे अगदी मनापासून लिहितो.

निकितिन ज्या वाटेने आला ती चालती वाट होती. होर्मुझ ते चौल घोड्यांची जहाजं शेकडो वर्षं ये-जा करत होती. तो प्रवासी म्हणून बसला. हिंमत होती, मान्य. पण त्याने वाट शोधली नाही. वास्कोने ८ जुलै १४९७ ला लिस्बन सोडलं, चार जहाजं, सुमारे १७० माणसं. केप व्हर्दे बेटांवरून ऑगस्टच्या सुरुवातीला निघाला तो आफ्रिकेच्या किनाऱ्याला चिकटून गेलाच नाही. वाऱ्यासाठी थेट भर अटलांटिकमध्ये मोठा वळसा घेतला आणि ४ नोव्हेंबरला पुन्हा जमीन पाहिली. तीन महिने! कोलंबसाला कॅनरी बेटांपासून पलीकडचा किनारा दिसायला पाच आठवडे लागले होते. तीन महिने पाण्याशिवाय काही दिसत नाही तेव्हा माणसांच्या डोक्यात काय काय येतं ते मी पाहिलंय, आणि आमच्याकडे तर वायरलेस होता.

शिवाय परिणाम बघा. त्या एका खेपेनंतर दरवर्षी लिस्बनहून आरमार सुटायला लागलं. मसाल्याचा व्यापार, आपला किनारा, गोवा, सगळं बदललं. निकितिनच्या येण्याने काय बदललं? जग ज्याने बदललं त्याचं नाव राहणारच. ते चांगलं बदललं असं मी म्हणत नाही. १५०२ मध्ये याच वास्कोने हजच्या यात्रेकरूंचं जहाज बायकापोरांसकट जाळलं. पण प्रश्न नाव का राहतं हा आहे.

---

खाडीकाठ

दर्यावर्दी काका, अटलांटिकच्या वळशाचं तुमच्याकडून कळलं, मनापासून आभार. 'वाट शोधली' हा फरक मान्य.

पण मग त्याच कसोटीवर बार्तोलोमेउ दियाश घ्या. आफ्रिकेचं टोक वळसा घालून जाता येतं हे १४८८ मध्ये त्याने सिद्ध केलं. वास्कोची जहाजं त्याच्या देखरेखीखाली बांधली गेली. पुढच्या, म्हणजे काब्रालच्या आरमारात तो होता आणि १५०० मध्ये त्याच टोकाजवळच्या वादळात बुडाला. पाठ्यपुस्तकात त्याला एक ओळ मिळते.

आणि पेरो दा कोविल्यां तर ओळभरही नाही. याची गोष्ट मला राहून राहून आठवते. १४८७ च्या मे महिन्यात पोर्तुगालच्या राजाने, जुआंव दुसऱ्याने, याला आणि आफोन्सो द पायव्हाला हेर म्हणून पाठवलं. कोविल्यांला अरबी येत होती. व्यापाऱ्याच्या वेशात कैरो, एडन करत तो कन्नूर, कालिकत आणि गोवा पाहून गेला, वास्कोच्या जवळजवळ दहा वर्षं आधी! तिथून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सोफाळ्यापर्यंत गेला. परत कैरोला येतो तर पायव्हा मेलेला, आणि राजाने पाठवलेली दोन यहुदी माणसं वाट बघत थांबलेली. एक बेजाचा रब्बी अब्राहम, दुसरा लामेगोचा चांभार जोसेफ. कोविल्यांने सगळा वृत्तांत लिहून जोसेफच्या हाती दिला आणि स्वतः राजाचं उरलेलं काम करायला इथिओपियात गेला. तिथल्या राजाने त्याला मान दिला, जमीन दिली, बायको दिली, पण देशाबाहेर जाऊ दिलं नाही. १५२० मध्ये पोर्तुगीज वकिलात तिथे पोचली तेव्हा तो म्हातारा होऊन तिथेच संसार करत होता. तीस वर्षांनी स्वतःच्या भाषेत बोलायला माणूस भेटला. वकिलातीबरोबरच्या पाद्रीने, फ्रांसिस्को आल्व्हारिशने, त्याची हकिगत लिहून घेतली आणि ती १५४० मध्ये छापली गेली, म्हणून आज आपल्याला माहीत आहे.

हा राजाचाच माणूस होता, त्याच्या बातमीची गरजही होती. तरी नाव नाही, कारण हेराचं काम गुपचूप ठेवण्याचं असतं.

---

सुलभा_वाचते

छापखान्याचा मुद्दा कुणी घेतला नाही म्हणून लिहिते. कोलंबसाचं पत्र १४९३ मध्ये, तो परतला त्याच वर्षी, छापून युरोपभर गेलं. अमेरिगो व्हेस्पुचीच्या नावाची पत्रं इतकी खपली की १५०७ मध्ये वाल्डझेम्युलरने नकाशा काढताना नव्या भूमीवर त्याचंच नाव घातलं आणि एका अख्ख्या खंडाचं बारसं झालं. कोलंबस त्याच्या आदल्याच वर्षी गेला होता. मार्को पोलोच्या काळी छापखाना नव्हता, पण त्याला जेनोआच्या तुरुंगात रुस्तिचेल्लो नावाचा लिहिणारा भेटला, रंगवून सांगण्यात मुरलेला. चीनपर्यंत जाऊन आलेले बाकीचे व्यापारी असतीलच की, त्यांना तुरुंगात असा सोबती मिळाला नाही.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे गोडसे भटजी. तेही तुमच्याच रायगड जिल्ह्यातले, पेणजवळच्या वरसईचे. सत्तावनच्या धामधुमीत झाशीत अडकलेला हा भिक्षुक ब्राह्मण घरी आला, बऱ्याच वर्षांनी लिहायला बसला, आणि पुस्तक निघालं १९०७ मध्ये, तेही चिंतामणराव वैद्यांनी मनावर घेतलं म्हणून. कागद घरातच राहिला असता तर वाळवीने खाल्ला असता. असे किती गेले असतील या विचाराने जीव कासावीस होतो.

---

मांडवी_तीर

गोव्यातून लिहिते. आमच्याकडे 'वास्कोला जाते' म्हणजे स्टेशनावर नाहीतर बंदरावर जाते. माणूस डोळ्यांसमोर येतच नाही, इतकं ते नाव जिभेवर बसलंय.

जुन्या गोव्यात मांडवीच्या धक्क्यावरून वर येताना व्हाइसरॉयची कमान लागते. नदीच्या बाजूने वर बघितलं की कोनाड्यात वास्कोचा पुतळा आहे. ही कमान कुणी बांधली? फ्रांसिस्को द गामाने, वास्कोच्या पणतवाने. सोळाव्या शतकाच्या शेवटी तो स्वतः इथे व्हाइसरॉय होता. पुढे जो जो नवा व्हाइसरॉय आला तो नदीतून उतरून त्या पुतळ्याखालून गावात शिरला. शंभर वर्षांपूर्वीच्या पणजोबांना दारावर बसवायची सत्ता पणतवाच्या हातात होती. दियाशच्या किंवा त्या बिचाऱ्या कोविल्यांच्या पणतवंडाकडे अशी कमान नव्हती.

त्याच्या आधी १५७२ मध्ये कामोंइशचं 'लुसियाद' आलं. कामोंइश गोव्यात राहिलेला कवी, आणि त्याच्या महाकाव्याचा कणा म्हणजे वास्कोची पहिली सफर. पुढे पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या प्रत्येक मुलाने, गोव्यातल्याही, त्या ओळी पाठ केल्या. माझ्या आजोबांना म्हातारपणी कालचं आठवत नसे, पण त्या ओळी ते घडाघडा म्हणत.

आता ज्याचा धाग्यात उल्लेख आला नाही असा एक माणूस. परतीच्या वाटेवर वास्कोची जहाजं अंजदीव बेटाशी थांबली होती. तिथे एक चाळिशीचा माणूस होडीतून आला, अंगात सुती कपडे, व्हेनिसची भाषा उत्तम बोलणारा. तो मूळचा यहुदी, गोव्याच्या सुभेदाराच्या चाकरीत होता. वास्कोला संशय आला, त्याला पकडून मारहाण केली आणि बरोबर नेलं. त्याचा बाप्तिस्मा केला आणि नाव ठेवलं गास्पार द गामा. हिंदी महासागरातल्या बंदरांची, भाषांची, व्यापाराची त्याची माहिती पुढे पोर्तुगीजांच्या फार कामी आली, काब्रालबरोबर दुभाषा म्हणून तो परत आलासुद्धा. त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव इतिहासात नाही. जे आहे ते त्याला पकडणाऱ्याचं आडनाव.

अंजदीव कारवारसमोर दिसतं. पुढच्या वेळी त्या बाजूने जाल तेव्हा या माणसाची आठवण काढा.

---

हर्णैचा_नाखवा

सगळे प्रतिसाद वाचले. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर पोट आहे, म्हणून दोन शब्द मालमाबद्दल, म्हणजे दर्यात जहाजाला वाट दाखवणाऱ्याबद्दल.

वास्को आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीपर्यंत आला, तिथून पुढचा दर्या त्याच्या माणसांपैकी कुणालाच ठाऊक नव्हता. मालिंदीच्या राजाने एक मालम दिला. २४ एप्रिल १४९८ ला निघाले आणि तेवीस दिवसांत मलबारचे डोंगर दिसले. २० मे ला कालिकतच्या जवळ नांगर पडला. आता तारखा नीट बघा. आमच्याकडे मे सरता सरता आगोट येते, होड्या वर ओढून शाकारायच्या असतात. म्हणजे त्या मालमाने मोसमाच्या अगदी शेवटच्या चांगल्या वाऱ्यावर त्यांना पार केलं. आणखी तीनेक आठवडे उशीर झाला असता तर त्या अनोळखी किनाऱ्यावर, भर पावसात, ती जहाजं राहिली असती का याची मला शंका आहे.

आता परतीचं बघा. ऑगस्टअखेर कालिकत सोडलं, अंजदीवहून ५ ऑक्टोबरला पलीकडे जायला निघाले. दर्याचं जाणणारा कुणीही सांगेल की ही घाई झाली. पलीकडे नेणारा ईशान्येचा वारा अजून धरलेला नसतो. थांबायला हवं होतं. कधी समोरचा वारा, कधी वाराच नाही. जी वाट जाताना तेवीस दिवसांची झाली तीच येताना जवळजवळ तीन महिन्यांची झाली, २ जानेवारीला आफ्रिका दिसली. हिरड्या सुजून, हातपाय सुजून तीस माणसं त्या एका पल्ल्यात मेली. पुढे जहाजं चालवायला हात पुरेनात म्हणून 'सांव राफायल' जहाज स्वतःच जाळावं लागलं.

तेवीस दिवस आणि तीन महिने. मालमाची किंमत किती, ते या दोन आकड्यांत आहे.

आणि त्याचं नाव? सफरीवर असलेल्या माणसाच्या रोजनिशीत त्याला 'ख्रिस्ती' म्हटलंय. पन्नासेक वर्षांनी लिहिणारा पोर्तुगीज इतिहासकार बारूश त्याला गुजरातचा मूर, म्हणजे मुसलमान, म्हणतो आणि नाव देतो 'मालेमो काना'. मालेमो म्हणजे आपला मालमच, मुअल्लिम. ते नाव नव्हे, हुद्दा आहे. 'काना' हेही खरं नाव की ज्योतिष-गणित जाणणाऱ्याला म्हणायचा शब्द, यावर वाद आहेत. कच्छचे लोक म्हणतात तो आमचा कानजी मालम. अरब म्हणायचे तो इब्न माजिद. इब्न माजिद फार मोठा दर्याशास्त्री होता, पण तो या जहाजावर असल्याचं अलीकडचे अभ्यासक मानत नाहीत. ज्याच्या हातात सुकाणू होतं तो हिंदू की मुसलमान की ख्रिस्ती, एवढंसुद्धा कुणी नीट टिपून ठेवलं नाही. मला याचं वाईट वाटतं, राग येतो.

---

लिस्बनहून

मी नोकरीनिमित्त इथे नऊ वर्षं आहे. लिस्बनच्या बेलें भागातला जेरोनिमोस मठ घरापासून ट्रामने वीस मिनिटांवर. आत शिरल्यावर लगेच दोन समाध्या, एका बाजूला वास्को, दुसऱ्या बाजूला कामोंइश. करणारा आणि गाणारा समोरासमोर. पण वास्को मेला कोचीनला, १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी. अस्थी १५३९ मध्ये पोर्तुगालला आल्या, त्याही त्याच्या जहागिरीच्या गावी, विदिगेराला. बेलेंला आल्या १८८० मध्ये, कामोंइशच्या तीनशेव्या पुण्यतिथीच्या वर्षी. साम्राज्य उतरणीला लागलेलं, आफ्रिकेतल्या मुलखावर इतर युरोपीय देशांचे डोळे लागलेले, तेव्हा पोर्तुगालला आपला पुरुष हवा होता. मांडवी_तीर ताईंनी कमानीचं सांगितलं तेच इथे राष्ट्राने केलं.

नाखवा दादांनी सांगितलेली रोजनिशीसुद्धा पोर्तूच्या ग्रंथालयातून पहिल्यांदा छापली गेली १८३८ मध्ये. तिच्यावर लेखकाचं नाव नाही. आल्व्हारो व्हेल्यो असावा असा अंदाज आहे. म्हणजे वास्कोच्या सफरीचा प्रत्यक्षदर्शी हिशोब ठेवणारा माणूसही निनावीच.

अजून एक. हिंदुस्थानची वाट सापडल्याची बातमी घेऊन लिस्बनला सगळ्यांत आधी वास्को पोचलाच नाही. १० जुलै १४९९ ला निकोलाउ कोएल्यो 'बेर्रियो' हे छोटं जहाज घेऊन आला. वास्को मागे थांबला होता, आजारी भावासाठी. पावलो वाटेत अझोर्स बेटांवर वारला आणि त्याला तिथेच पुरून मग वास्को घरी आला, कित्येक आठवड्यांनी. राजा मानुएलने मात्र कोएल्योच्या बातमीवर जुलैतच शेजारच्या कास्तीलच्या (आजच्या स्पेनच्या) राजाराणीला पत्र लिहून टाकलं. कोलंबसाने त्यांना जे कबूल केलं होतं ते आम्ही करून दाखवलं, हा त्याचा सूर. त्या दोन दरबारांची चढाओढ नसती तर ही सफर इतकी गाजली असती असं मला वाटत नाही. वास्कोच्या सगळ्या आयुष्यात भावासाठी थांबण्याचा तो एक प्रसंग मला माणूस म्हणून जवळचा वाटतो.

---

तिस्ताकाठ

जरा विषयांतर होईल, पण हिमालयात भटकणाऱ्यांपैकी असल्याने राहवत नाही. "परत आला नाही म्हणून नाव नाही" असं वर कुणी म्हटलंय. किंथुप परत आला होता.

सिक्कीमचा किंथुप, सर्वे ऑफ इंडियाच्या कामाला लागलेला, लिहिता-वाचता न येणारा. १८८० मध्ये एका चिनी लामाबरोबर त्याला तिबेटात पाठवलं. त्सांगपो नदी हीच पुढे ब्रह्मपुत्रा होते का, हे बघायला. त्सांगपोत खुणेचे ओंडके सोडायचे आणि खाली आसामात माणसांनी त्यांची वाट बघायची. लामाने त्याला चक्क गुलाम म्हणून विकून टाकलं. हा पळाला, एका मठाच्या आश्रयाला गेला, तिथे राबला, रजा मागून जंगलात ओंडके तोडले, लपवले, आणि ठरल्या दिवसांत रोज पन्नास असे पाचशे ओंडके नदीत सोडले. आधी दुसऱ्याकडून पत्र लिहवून तारखा कळवल्या होत्या. ते पत्र योग्य हाती वेळेत पोचलंच नाही. खाली नदीवर कुणीही उभं नव्हतं.

चार वर्षांनी घरी आला, सगळं तोंडी सांगितलं, फार कुणी विश्वास ठेवला नाही. १९१३ मध्ये बेली आणि मोर्सहेड हे दोन अधिकारी त्या खोऱ्यात जाऊन आले तेव्हा त्याचं बहुतेक सांगणं खरं निघालं. बेलीने त्याला शोधून काढलं, सरकारकडे शब्द टाकला, हजार रुपये मिळाले. त्यानंतर तो फार जगला नाही.

---

दर्यावर्दी६२

नाखवा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मग उठून कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या.

बंदरात शिरताना स्थानिक पायलट जहाजावर चढतो. दोरीच्या शिडीवरून, कधी भर पावसात, कधी रात्री तीनला, खाली होडी वरखाली होत असताना. तो ब्रिजवर येतो, वाळूचे बांध कुठे सरकलेत, भरतीचा ओढ कुठे आहे, हे त्यालाच माहीत असतं. मी तरुणपणी नोंदवही लिहायचो. त्यात लिहायचं असतं 'पायलट चढला' आणि वेळ. धक्क्याला लागलो की 'पायलट उतरला' आणि वेळ. बत्तीस वर्षांच्या माझ्या वह्यांत अशा शेकडो नोंदी आहेत. हुगळीतला एक जण मला चांगला आठवतो, पांढरी दाढी, चहात मीठ घालून पिणारा, त्याने पहाटेच्या धुक्यात आम्हाला वर नेलं होतं. त्याचं नाव मी कुठेही लिहिलेलं नाही. मला विचारावंसंही वाटलं नाही.

वाट शोधली ती वास्कोने, असं मी वर लिहिलं होतं. अटलांटिकपुरतं ते अजूनही म्हणेन. मालिंदी ते कालिकत मात्र मागे घेतो. तो भाग त्याला दाखवला गेला.

---

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

निकितिनबद्दल एक भर घालायची राहिली होती. त्याचं नाव आज जे काही आहे तेही कुणीतरी मागे उभं राहिल्यामुळेच. करमझिनने त्याला वर काढलं तेच वास्कोशी तुलना करून, की पोर्तुगीज हिंदुस्थानच्या वाटेचा नुसता विचार करत होते तेव्हा आमचा त्वेरकर तिथे पोचला होता. पुढे सोव्हिएत काळात १९५५ मध्ये त्वेरला पुतळा झाला, १९५७ मध्ये 'परदेसी' सिनेमा आला, ख्वाजा अहमद अब्बास आणि रशियन दिग्दर्शकाने मिळून केलेला, नर्गिस आणि बलराज साहनी त्यात होते. दोन देशांना मैत्रीचा जुना पुरावा हवा होता. तेव्हा तो पाचशे वर्षांपूर्वीचा घोडेवाला कामी आला. याने त्याचं मोल कमी होत नाही. पण आमच्या गावातला तो काळा स्तंभ मी आता वेगळ्या नजरेने बघतो.

काल हा धागा पुतण्याला फोनवर वाचून दाखवला. तो मालमावर अडकला. त्याने शाळेसाठी सफरीचा तक्ता केला आहे, जहाजांची नावं, कप्तानांची नावं, तारखा. 'सांव गाब्रिएल'पुढे वास्को, 'सांव राफायल'पुढे पावलो, 'बेर्रियो'पुढे कोएल्यो. खाली त्याने आणखी एक ओळ आखली, 'मालिंदी ते कालिकत', आणि त्यापुढची जागा मोकळी ठेवली. शिंपल्याचं चित्र काढू का म्हणाला, मी म्हटलं नको, तशीच राहू दे.

शिवनेरी_पायथा, जुलैत त्याला घेऊन जुन्नरला यावं म्हणतो. निकितिनने पाहिला तो पाऊस त्याला दाखवायचा आहे. चालेल का?

---

शिवनेरी_पायथा

अवश्य या. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात या, तोवर पाऊस चांगला धरतो. सात दरवाज्यांच्या वाटेने वर जाऊ, पायऱ्या निसरड्या असतात, पोराला चांगले बूट आणा. जेवायला घरी. खिचडी करतो.